प्रस्तावना : पुढारी घडतो कुठे?

‘पुढारीपण रक्तातच असावं लागतं’ हे आपल्याकडे इतक्या ठामपणे बोललं जातं की नेतृत्व शिकवायचं म्हटलं तर लोक हसतात. या समजुतीला थोरामोठ्यांचा आधारही आहे. जगाचा इतिहास म्हणजे महापुरुषांची चरित्रं, असं थॉमस कार्लाइलने १८४० साली लंडनच्या व्याख्यानांत मांडलं. विसाव्या शतकात संशोधक मग नेत्यांचे गुण मोजू लागले: उंची, बुद्धी, आत्मविश्वास, बोलण्यातली हुशारी. असे शंभरावर अभ्यास राल्फ स्टॉगडिल यांनी १९४८ मध्ये एकत्र तपासले. नुसत्या गुणांवर कुणी नेता ठरत नाही, माणूस आणि परिस्थिती यांचा मेळ बसावा लागतो, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मग परिस्थितीच बदलली तर? याचं उत्तर आपल्या खेड्यांत सापडतं. ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींतल्या एक तृतीयांश जागा, सरपंचपदांसह, स्त्रियांसाठी राखीव झाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेलं. आरक्षण आळीपाळीने फिरतं. कुठल्या गावात कर्तबगार बाई आहे, हे पाहून ते पडत नाही. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींचा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध केला. प्रमुखपद स्त्रीसाठी राखीव होतं तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च झालेला त्यांना आढळला.

खुर्ची मिळाली म्हणजे सगळं आलं, असं अर्थातच नाही. ग्रामसेवक प्रोसिडिंगची वही पुढे सरकवतो, बोट ठेवतो, ‘वहिनी, इथं सही करा.’ शेजारच्या खुर्चीवर सरपंचपती बसलेले असतात. ‘आधी वाचते, मग करते,’ एवढं म्हणायला जे बळ लागतं, तो आमच्या विषयाचा गाभा आहे. त्यातला काही भाग वर्गात शिकवता येतो: जमाखर्च वाचणं, करआकारणीच्या नोंदवहीचा नमुना आठ समजून घेणं, विरोधकाला पुरतं बोलू देऊन सभा आटोक्यात ठेवणं. उरलेलं खरी जबाबदारी अंगावर पडल्यावरच येतं, आणि तेही निर्णय चुकला तर तो कुठे चुकला हे सांगणारं कुणी सोबत असेल तरच. शहरातल्या व्यवस्थापकालाही हेच लागू पडतं. निखाऱ्यांवरून चालवून दोन दिवसांत नेते घडवणारी शिबिरं मी यात धरत नाही. त्यांत टाळ्या फार, शिकणं थोडं.

हे पुस्तक पुढे वाचण्याआधी एक करा. जवळच्या गावातल्या एखाद्या ग्रामसभेला जा आणि मागे बसा. कोण बोलतं, कुणाला मध्येच थांबवलं जातं, कुणाचं म्हणणं इतिवृत्तात उतरतं, याची टिपणं काढा. पहिल्या प्रकरणापासून ती हाताशी लागतील.