पाण्यावरची स्कूटर आणि घरचा कारागीर

ज्या घरात चेतक स्कूटर असे, त्या घरात प्लगचा पाना आणि पॉलिश पेपरचा एखादा तुकडाही हमखास असे. सकाळी गाडी रुसली की ती एका बाजूला कलती करायची, प्लग काढून काजळी घासायची आणि पुन्हा किक मारायची. हे घरच्या घरी जमे, कारण टू-स्ट्रोक इंजिन हे मुळातच साधे यंत्र. याच इंजिनाचा एक भाऊबंद पाण्यावर उतरला. मालवण-तारकर्लीला किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर आपण ज्याला 'जेट स्की' म्हणतो, ते हे वाहन. डालडा किंवा झेरॉक्ससारखेच हे नावही खरे तर एका कंपनीच्या मालाचे, पण ते साऱ्या जातीला चिकटले.

या वाहनाचा जनक म्हणून अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातील क्लेटन जेकबसन यांचे नाव घेतले जाते. त्यांना मोटारसायकलच्या शर्यतींचा नाद होता. कडक जमिनीवर आपटण्यापेक्षा पाण्यात पडलेले काय वाईट, असा विचार करून १९६०च्या दशकात त्यांनी आपले पहिले नमुने बनवले. बाहेर फिरणाऱ्या पंख्याऐवजी आत पंप बसवायचा, पाणी खालून ओढायचे आणि मागे जोराने फेकायचे, ही युक्ती त्यात होती. न्यूझीलंडच्या विल्यम हॅमिल्टन यांनी १९५०च्या दशकात उथळ नद्यांतल्या होड्यांसाठी ती यशस्वी करून दाखवली होती.

कॅनडातील बॉम्बार्डियर कंपनी बर्फावरच्या गाड्या बनवत असे. तिने १९६८ साली बसून चालवायची 'सी-डू' बाजारात आणली, पण ती फार काळ टिकली नाही. मग जपानच्या कावासाकीने १९७३ साली उभे राहून चालवायची 'जेट स्की' काढली. तिचे इंजिन ४०० सीसीचे, दोन सिलिंडरचे. पुढे ४४० आणि ५५० सीसीची इंजिने आली, यामाहा उतरली, १९८८ साली सी-डूही परतली. अमेरिकेतल्या तळ्याकाठच्या गावांत ही यंत्रे घरोघरी दिसू लागली आणि त्यांच्याबरोबरच गॅरेजमध्ये हात काळे करणारी माणसेही.

ही इंजिने घरी का उघडता येत? टू-स्ट्रोकमध्ये फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. पिस्टनच वर-खाली होताना सिलिंडरच्या भिंतीतली दारे उघडतो आणि मिटतो. पेट्रोलबरोबर जाणारे ऑइल बेअरिंगला वंगण देते. म्हणून जुन्या इंजिनाची तपासणी अगदी साध्या साधनांनी सुरू होते. प्लगच्या जागी गेज लावून दोन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन बघायचे. आकडे जवळजवळ सारखे आले तर बरे; एक फारच खाली असेल तर पिस्टन, रिंग किंवा गॅस्केट गेलेले समजावे.

पण साधे म्हणजे सोशीक नव्हे. हिवाळाभर टाकीत राहिलेले पेट्रोल चिकट होते आणि कार्ब्युरेटरच्या जेटचे बारीक भोक बुजवते. इंधन कमी पोचले की त्याबरोबरचे वंगणही घटते आणि पिस्टन तापून सिलिंडरला धरतो. आपले मेकॅनिक ज्याला 'इंजिन सीझ झाले' म्हणतात, ते हेच. नुसता नवा पिस्टन घालून भागत नाही. मुळात तो का धरला हे शोधले नाही, तर नवाही तसाच जातो.

दुसरा शत्रू पाणी. इंजिनात पाणी शिरले आणि ते तसेच राहिले, तर क्रँकच्या बेअरिंगला लवकरच गंज चढतो. खाऱ्या पाण्यातून आल्यावर नळ जोडून इंजिन आतून धुवायचे, पण त्यालाही क्रम आहे. आधी इंजिन सुरू, मग नळ. शेवटी आधी नळ बंद, मग इंजिन. उलटे केले तर पाणी एक्झॉस्टच्या वाटेने सिलिंडरमध्ये शिरू शकते. हे शहाणपण माहितीपुस्तकात होतेच, पण खरे पसरले ते शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे.

मग हे इंजिन मागे का पडले? कारण त्याचा साधेपणाच त्याचा दोष होता. ताजे मिश्रण आत येत असताना जळालेला धूर बाहेर जातो आणि त्याबरोबर थोडे पेट्रोल न जळताच निसटते, थेट पाण्यात. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने १९९६ साली अशा इंजिनांसाठी नियम केले आणि ते टप्प्याटप्प्याने २००६पर्यंत कडक होत गेले. कॅलिफोर्निया-नेवाडा सीमेवरचे टाहो सरोवर नितळ पाण्यासाठी प्रसिद्ध. तिथे १९९९ साली कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोकना मनाई झाली. २००२ साली होंडा, यामाहा आणि सी-डू यांनी फोर-स्ट्रोक यंत्रे आणली. यामाहाची उभ्याने चालवायची 'सुपरजेट' तेवढी टू-स्ट्रोकवर टिकून होती. २०२१च्या मॉडेलपासून तीही फोर-स्ट्रोक झाली.

यात तळ्यांचे भले झाले, हे मान्यच करायला हवे. ज्या पाण्यावर खेळायचे तेच नासवायचे, हा सौदा खोटाच होता. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली. नव्या यंत्राचे दुखणे ओळखायला बहुधा संगणक जोडावा लागतो आणि मालक नुसता चालक उरतो. जुने इंजिन त्याला निदान विचारायला लावत असे, की हे बंद का पडले? स्वच्छ इंजिन आणि मालकाला उघडता येईल असे इंजिन, या दोन्ही गोष्टी एकाच यंत्रात मागणे काही चुकीचे नाही. ती मागणी ग्राहकांनी मात्र करायला हवी.