रॉबिन्सचा लंबक

रेंजवर बंदुकीशेजारी रडार क्रोनोग्राफची चपटी पेटी दिसली, की मला बेंजामिन रॉबिन्स आठवतो. पेटीतल्या लहरी गोळीवरून परततात. बदललेल्या वारंवारतेवरून उडत्या गोळीचा वेग कळतो, वाटेत ठिकठिकाणी. रॉबिन्सला गोळी अडवावीच लागे. टांगलेल्या लंबकाच्या लाकडात ती रुतवायची, झोका मोजायचा. पुढे वेग किती घटला हे हवं असेल, तर लंबक लांब नेऊन नवी गोळी झाडायची. एवढ्या भांडवलावर त्याने १७४२च्या पुस्तकात दाखवलं, की हवेचा अडथळा तोफखान्याच्या समजुतीपेक्षा कितीतरी मोठा आहे. ऑयलरने ते जर्मनमध्ये आणलं (टिपाच मूळ पुस्तकाहून जाड!). रॉबिन्स मात्र ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्यांची तटबंदी सुधारायला इकडे आला आणि १७५१मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला.