शिकणाऱ्या मुलीचे लुगडे

मुलींच्या शिक्षणाचा इतिहास सांगताना आपण शाळा कोणी काढली, वर्ग कुठे भरला, पहिली पदवी कोणाला मिळाली, एवढे सांगतो. त्या मुली अंगावर काय घालून शाळेत गेल्या, ते कापड कुठून आले आणि ते कोणी शिवले, हे मात्र कोणी विचारीत नाही. वास्तविक ज्या घरात बाईमाणसाला दोनच लुगडी, एक अंगावर आणि एक वलणीवर, त्या घरातली मुलगी रोज चार लोकांत जायला निघाली म्हणजे पहिली अडचण कापडाचीच. पाटीपेन्सिलीची त्यानंतर.

सावित्रीबाई फुल्यांची गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. 1848 साली पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या. रस्त्याने जाताना लोक अंगावर शेण-चिखल टाकीत, म्हणून त्या एक जाडेभरडे लुगडे नेसून निघत आणि शाळेत गेल्यावर बदलायला दुसरे जवळ ठेवीत, असे सांगतात. आपण ही गोष्ट धैर्याची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण ती लुगड्यांच्या हिशोबाचीही आहे. मळलेले नऊ वार रोज धुवायचे आणि सकाळपर्यंत वाळवायचे, पुण्याच्या पावसाळ्यात हे काय काम आहे ते घरातल्या बायकांना विचारा.

तेव्हाचा आपल्याकडचा बायकांचा पोशाख म्हणजे नऊवारी लुगडे आणि खणाची चोळी. आजच्या मापाने नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. त्याला शिवण नाही, गुंडी नाही, नाडी नाही. काष्टा घातला की बाई शेतात वाकायला, विहिरीवर चढायला, वेळ पडली तर धावायलाही मोकळी. चोळी मात्र शिवायची, आणि ती घरीच, हाताने. खण विणायचे गाव म्हणून गुळेदगुड्डचे नाव आजही घेतात. एक खण म्हणजे एका चोळीचे कापड, ना कमी ना जास्त. जाणती बाई तो असा बेते की चिंधी उरत नसे. पुढे गाठ मारायची, म्हणून काजबटणांचाही खर्च नाही. मुलीला धावदोरा, टीप आणि तुरपाई आली की ती चोळी शिवू लागे. हे शिक्षण शाळा निघण्याच्या कितीतरी आधीपासून घरोघर चालले होते.

हा पोशाख घराला आणि शेताला बेतलेला होता. घराबाहेरच्या नव्या जागी तो नेला, तेव्हा मुलींनीच त्यात फेरफार केले. आनंदीबाई जोशी 1883 साली डॉक्टरी शिकायला अमेरिकेला गेल्या तेव्हा वय अठरा. जशी जाते तशीच परत येईन, असा त्यांचा निश्चय, म्हणून पोशाख आपलाच ठेवायचा होता. पण फिलाडेल्फियाची थंडी पडली हाडे गोठवणारी, आणि नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. तेव्हा त्यांनी गुजराती तऱ्हेने, पाय झाकेल असे गोल नेसायला सुरुवात केली. नवे कपडे विकत घेतले नाहीत, वेश टाकला नाही. आहे त्याच कापडाचे नेसणे बदलले. 1885 सालचे त्यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. शेजारी एक जपानी आणि एक सीरियाची, अशा दोन विद्यार्थिनी आपापल्या देशच्या वेशात, आणि आनंदीबाई साडीत. मला ते चित्र पाहिले की पदवीच्या आधी ती थंडी आठवते.

अशीच एक हकीकत मुंबईकडून बंगालात गेलेली आहे. सत्येंद्रनाथ टागोर हे पहिले हिंदी आय. सी. एस. अधिकारी. त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली आणि 1864 साली त्यांची पत्नी ज्ञानदानंदिनी देवी मुंबईला आल्या. बंगाली साडी तेव्हा एकटीच नेसत, खाली परकर नाही, वर पोलके नाही. तशा वेशात चारचौघांत जायचे कसे? त्यांनी इकडच्या पारशी बायकांचे नेसणे पाहिले, त्यात आपल्या सोयीचा बदल केला आणि कलकत्त्याला परत गेल्यावर इतर बायकांना शिकवले. तिकडे त्या नेसण्याला ‘बोंबाई दस्तूर’, म्हणजे मुंबईची रीत, असे नावच पडले. सहावारी साडी, परकर आणि पोलके हा जो पोशाख पुढे देशभर झाला, त्याच्या मुळाशी हे असे घरगुती प्रयोग आहेत. एखाद्या मोठ्या दुकानाने किंवा शिंप्याने तो काढलेला नाही.

आपल्याकडे चोळीवर आधी जाकीट आले, मग बटणांचे पोलके. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्यात बायकांनी शिवण शिकण्याच्या जागा निघाल्या. रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने 1909 साली पुण्याला सेवासदन सुरू झाले, त्यात शिवणाचे वर्ग होते. अण्णासाहेब कर्व्यांचा आश्रम 1900 साली हिंगण्याला गेला आणि 1916 साली त्यांनी महिला विद्यापीठ काढले. आश्रमात येणाऱ्यांत विधवा पुष्कळ. त्यांचा पोशाख समाजाने आधीच ठरवून ठेवलेला होता. सोवळ्या बाईला आलवण. रंग, काठ, खण सगळे बंद. शिकायला लागलेली बाई साधे पांढरे पातळ नेसू लागली आणि पोलके स्वतः शिवू लागली, तर त्यात नटणे काय होते? पण तेवढ्यावरूनही घरोघर वाद झाले. पोशाखाचा प्रश्न आला की पैशाच्या आधी माणसांचे डोळे आड येतात, हे तेव्हाही खरे होते.

मग खादी आली. गांधीजींनी आत्मकथेत लिहिले आहे की आश्रमात विणलेल्या पहिल्या खादीला वारामागे सतरा आणे पडले आणि तिचा पन्हा तीसच इंच होता. पंचेचाळीस इंची धोतर महिन्याभरात मिळाले नाही तर आखूड पंचावर भागवीन, अशी ताकीद त्यांनी गंगाबेन मजुमदारांना दिली, तेव्हा तो पन्हा निघाला. पुरुषाचे आखूडावर भागते हो! आता हाच हिशोब आपण लुगड्याला लावून पाहू. नऊ वारांना सतरा आण्यांनी नऊ रुपये नऊ आणे, आणि तेही तीस इंची अरुंद कापडाचे. दीडपट पन्हा धरला तर चौदा रुपयांच्या वर. पुढे खादी स्वस्त झाली, पण वजन काही कमी झाले नाही. ओली खादीची नऊवारी पिळायला दोघी लागत. वसतिगृहात राहणाऱ्या मुलीने ती रोज कशी धुवावी?

गोल पातळाकडे मुली वळल्या त्याची बरीच कारणे अशी मोरीपाशी आणि वलणीपाशी सापडतात. 1930 नंतर पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत पाचवारी-सहावारी दिसू लागली. घरात आजी म्हणे, ‘हे काय गुंडाळलंस? काष्टा नाही, काही नाही.’ आजीचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. सायकलवर बसायला किंवा बस पकडायला काष्टाच सोयीचा. गोल नेसलेली बाई पाऊल मोजून टाकते. शिवाय पैशाचा हिशोबही वरवर दिसतो तितका सोपा नाही. नऊवारीखाली परकर लागत नाही, गोल पातळाखाली लागतो. सहा वारांवर परकराचे सव्वादोन-अडीच वार चढवले की बचत उरते अर्ध्या-पाऊण वाराची! फायदा आहे तो दुसरीकडे. परकराला साधे, स्वस्त कापड चालते, आणि दोन परकरांवर चार पातळे निभतात. हलक्या वायलचे पातळ रात्री धुतले की सकाळी वाळलेले असते. आणि परकर जुन्या धोतराचाही होतो.

ह्या सगळ्याला हात दिला तो शिवणाच्या यंत्राने. गांधीजी यंत्रांच्या विरुद्ध म्हणून प्रसिद्ध, पण 1924 साली शांतिनिकेतनातल्या एका विद्यार्थ्याशी बोलताना त्यांनी सिंगरच्या यंत्राचा मुद्दाम अपवाद केला. बायकोचे हाताने शिवण्याचे कष्ट पाहून सिंगरने ते यंत्र केले, असे ते म्हणाले. तीसनंतरच्या काळात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगने देशी ‘उषा’ यंत्र बाजारात आणले. गावात एखादीकडे हातमशीन आले की आळीतल्या मुली तिच्या ओसरीवर जमत. फुग्याच्या बाह्यांची फॅशन शहरात निघाली तर ती चित्रपटातून किंवा मासिकातल्या चित्रातून खेड्यात येई, आणि कोणीतरी हुशार मुलगी जुने पोलके उसवून त्यावरून कागदावर बेत काढी. मुंढा कुठे वाढवायचा, चुण्या किती घ्यायच्या, हे दोन पोलकी बिघडल्यावर कळे. अशीच ती विद्या पसरली.

महायुद्धात कापड मिळेनासे झाले. 1943 साली सरकारने सुती कापड आणि सूत यांवर नियंत्रणाचा हुकूम काढला. दुकानापुढे रांगा, मागच्या दाराने दुप्पट भाव. त्याच वर्षी तिकडे विलायतेत, जिथे 1941 पासून कपड्यांना कुपने लागत होती, सरकारने बायकांसाठी एक पुस्तिकाच छापली. जुने दुरुस्त करून कसे वापरावे, हा तिचा विषय. आपल्या बायकांना असे पुस्तक कोणी दिले नाही, आणि खरे सांगायचे तर त्याची गरजही नव्हती. त्यांच्याजवळची विद्या काय होती ते थोडे तपशिलाने सांगतो, कारण शिक्षकांना वर्गात ती दाखवता येण्यासारखी आहे.

लुगडे पहिल्यांदा विरते ते मधे, बसण्याच्या जागी. काठ आणि दोन्ही टोके धड असतात. तेव्हा मधला विरलेला भाग कापून टाकायचा आणि उरलेले दोन धड तुकडे जोडायचे; याला दंड घालणे म्हणतात. दंड घातलेले नऊवारी आखूड होते, म्हणजे ते आपोआप पाचवारी झाले! लेकीला कॉलेजात नेसायला गोल पातळ पाहिजे होते ते आईच्या लुगड्यातून असे निघाले. जोड आतल्या घेरात लपवायचा, पदर चांगला ठेवायचा. त्याहून विरलेले असेल तर धाकटीला परकर. लुगड्याचा काठ परकराच्या खाली आला की तो विकतच्यासारखा दिसतो. परकर शिवताना खाली दोन-तीन आडव्या टका घालून ठेवायच्या. मुलगी उंच झाली की एकेक उसवायची. पोलक्याच्या शिवणीत बोटभर माया ठेवायची, म्हणजे दोन वर्षे चालते. बगलेत फाटते तिथे आधीच चौकोनी तुकडा लावायचा. खणाच्या उरलेल्या पट्टीची बाहीला किनार करायची, मग पांढरे पोलकेसुद्धा लग्नाला चालते. शेवटी जे राहील त्याची वाकळ. एक लुगडे दहा-बारा वर्षे घरात असे फिरत राही.

ह्यात हौस नव्हती असे कोणी समजू नये. गरिबीचे काम म्हणून बायका हे खाली मान घालून करीत होत्या, हे चित्र निम्मेच खरे. वर्गातल्या दुसऱ्या मुलीच्या पोलक्यावर साखळी टाक्याचे फूल दिसले की हिच्या पोलक्यावर दुसऱ्या दिवशी वेल येई. दंड कुठे घातला आहे तो कोणाला ओळखू येऊ नये, यात केवढी शर्थ असे! चार मुलींत आपण गबाळ्या दिसू नये, ही इच्छा अभ्यासाच्या आड येते असे म्हणणारे वडीलधारे पुष्कळ होते. मला उलट वाटते. जिला स्वतःच्या कपड्याची लाज वाटते ती शेवटच्या बाकावर बसते आणि प्रश्न विचारीत नाही. कितीतरी मुली पुस्तकांवाचून नव्हे, धड पोलक्यावाचून शाळेतून घरी बसल्या आहेत. खेड्यातल्या शिक्षकांना हे सांगायला नको.

साठीनंतर नायलॉन आणि टेरिलीन आले, इस्त्रीचा प्रश्न मिटला. मग पंजाबी पोशाख आला, तयार कपडे आले, आणि घरातले यंत्र झाकण घालून कोपऱ्यात गेले. तो सारा अलीकडचा इतिहास आहे, सर्वांच्या डोळ्यांपुढचा.

एक गोष्ट मात्र गमतीची घडली आहे. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत कॉलेजातल्या मुली पुन्हा नऊवारीत दिसू लागल्या आहेत; पण पुष्कळींना काष्टा घालता येत नाही, म्हणून शिंप्याकडून शिवलेली नऊवारी आणतात. ती विजारीसारखी चढवायची, कमरेला नेफा आणि नाडी, निऱ्या आधीच टाचलेल्या. काही मुली आईची जुनी साडी देऊन ती शिवून घेतात आणि उरलेल्या काठाची पिशवी करतात. खणाच्या कापडाचे कुडते तर आता सर्रास दिसतात. गाठीच्या चोळीला जे कधीच नव्हते तेही त्या मागून घेतात, उजव्या बाजूला शिवणीत एक खिसा.