येळवशीची भज्जी

मार्गशीर्ष अमावास्येला लातूर-धाराशिवची बाजारपेठ बंद असते. जिल्ह्यात स्थानिक सुट्टी असते आणि सगळं गाव रानात गेलेलं असतं. पंचांगात ही अमावास्या, आम्हा औशाकडच्या लोकांना येळवस. शेजारच्या बिदर-कलबुर्गीतही ती याच दिवशी होते. 1948 पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. 1956 साली भाषावार राज्यं झाली, 1982 साली लातूर जिल्हा वेगळा निघाला. काळ्या मातीवरची रब्बी जवारी आणि तिच्यासोबतचा हा सण मात्र सीमेच्या दोन्ही अंगाला तसाच राहिला.

शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारायची, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा झाली की पिकावर आंबील शिंपायची आणि मग पंगत. त्या पंगतीतली भज्जी मला फार बोलकी वाटते. बेसन ताकात कालवून चिंचेच्या कोळाने आंबट केलेलं असतं. त्यात ओल्या तुरीचे दाणे, हरभऱ्याचे सोले, वाटाणा, वाल, चुका, मेथी, लसणाची पात, हिरवी मिरची. आदल्या सांजेला बाया शेंगा सोलायला बसतात ते चूल पेटती ठेवून रात्र जागवतात. हे सगळं एकाच वेळी ओलं मिळतं ते फक्त याच दिवसांत, आणि तेही मिश्र पिकाच्या रानात: खरिपात पेरलेली तूर शेंगांनी लदलेली, हरभरा घाट्यात, बांधावर वाल, जवारीला करडईचे काटेरी पाटे. ही भज्जी कुणा सुगरणीने बसून ठरवलेली नाही, ती पेरणीनेच ठरवली, असं माझं ठाम मत आहे.

आंबिलीचंही तसंच. जवारीचं पीठ ताकात भिजवून आंबवायचं, शिजवायचं, वर ठेचलेला लसूण आणि जिरं. रात्रीच्या गारठ्यात बिंदग्यात ती अशी थंड होते की दुपारी उन्हात, ढेकळं तुडवून आलेल्या माणसाला दुसरं काही नको वाटतं. घरी पंख्याखाली तीच आंबील मी पिऊन पाहिली आहे. नुसती आंबट लागते. अंगाला ऊन लागलेलं असावं, तोंडी लावायला उपटलेला हरभऱ्याचा डहाळा हातात असावा, तेव्हा ती गोड होते.

या पंगतीखालचं रान गेल्या साठ वर्षांत बदललं. 1964 साली संकरित जवारी आली. तिचं धाट बुटकं, कडबा कमी. मोहोळला 1930 च्या दशकात निवडलेली मालदांडी 35-1 रब्बीत टिकून राहिली, ती भाकरीच्या चवीमुळे आणि उंच कडब्यामुळे. खरा घाव नंतर बसला. पाणी लागलं तिथे ऊस गेला, बाकी रानात सोयाबीन. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघून आडतीवर जातं; येळवशीच्या भांड्यात त्याचा एक दाणा पडत नाही. मी त्याला नावं ठेवत नाही, पोरांच्या फिया त्यावरच भरल्या. पण आता भज्जीचा वाटाणा मंडईतून येतो, वाल तर कित्येकदा मिळतच नाही, आणि कोपीसाठी कडबा विकत आणणारी घरं मला माहीत आहेत.

शेत नसलेल्यांना मात्र अजून हक्काने बोलावणं जातं. लातूरच्या आडत्यापासून शाळेच्या शिपायापर्यंत कुणाच्या ना कुणाच्या रानात ज्याचं त्याचं ताट असतंच. सणाचा हा भाग अजून कुणी बाजारातून आणलेला नाही.

आमच्या रानात सोयाबीन निघाल्यावर एक पट्टा मी हट्टाने जवारीला ठेवते, कडेला करडई, मधे हरभरा. त्यातून पैसा फारसा येत नाही. येत्या साली बांधावर वाल टोकायचा आहे. बी बहिणीने गावठी वाणाचं जपून ठेवलंय.