बालवाडीची दोन वर्षे आणि पस्तिशीतला रक्तदाब

सर्दी-तापासाठी आणलेल्या तीन-चार वर्षांच्या मुलाला तपासून झाले, औषध लिहून दिले, की उठता उठता आई किंवा आजी हमखास विचारते, "डॉक्टर, याला आत्ताच बालवाडीत घालायचे, की राहू द्यायचे अजून वर्षभर घरी?" पूर्वी मी "तुमच्या सोयीने बघा" असे सांगून मोकळा व्हायचो. हा प्रश्न शिक्षकांचा आहे, आपला नाही, असे मला वाटत असे. आता वाटत नाही. लहानपणी मिळालेल्या चांगल्या शिक्षणाचा संबंध मोठेपणीच्या आरोग्याशी आहे, आणि तो दाखवणारे पुरावे वाचल्यावर माझे मत बदलले.

पहिली पाच वर्षे वेगळी का?

पाचव्या वर्षापर्यंत मुलाच्या मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे नव्वद टक्के झालेला असतो. या काळात मेंदूतील पेशी एकमेकींशी झपाट्याने जोडल्या जातात. ज्या जोडण्या वारंवार वापरल्या जातात त्या टिकतात, बाकीच्या हळूहळू गळून जातात. तुम्ही बाळाशी बोललात, त्याने हुंकार दिला, तुम्ही पुन्हा उत्तर दिलेत, अशा देवाणघेवाणीतून या जोडण्या पक्क्या होतात. उलट सतत भीती, मारझोड किंवा दुर्लक्ष असलेल्या घरात शरीरातील ताणाची यंत्रणा कायम जागी राहते. तिचा परिणाम पुढे झोप, भूक आणि रक्तदाबापर्यंत पोहोचू शकतो.

तीस-चाळीस वर्षांनी काय दिसले?

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात 1972 साली एक अभ्यास सुरू झाला. गरीब घरांतील 111 तान्ही बाळे निवडली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाला पाच वर्षांची होईपर्यंत दिवसभराचे पाळणाघर मिळाले. तिथे खेळ, गप्पा आणि भाषा यांवर भर होता, शिवाय जेवण आणि नियमित वैद्यकीय तपासणीही होती. दुसऱ्या गटाला हे पाळणाघर मिळाले नाही. ही मुले पस्तिशीच्या आसपास पोहोचल्यावर त्यांची आरोग्य तपासणी झाली आणि 2014 मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. पाळणाघरात गेलेल्या पुरुषांचा वरचा रक्तदाब सरासरी 126 होता, न गेलेल्यांचा 143. पोटाचा घेर, साखर, रक्तदाब आणि रक्तातील चरबी एकत्र बिघडण्याला आम्ही मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतो. न गेलेल्या पुरुषांपैकी दर चौघांत एकाला तो होता, गेलेल्यांत एकालाही नव्हता.

143 आणि 126 मधला फरक म्हणजे रोजची गोळी लागणे आणि न लागणे यातला फरक असू शकतो. मात्र तपासणीला आलेल्यांची संख्या कमी होती. आणि श्रेय एकट्या खेळाचे की जेवणाचे आणि तपासणीचे, हेही वेगळे काढता येत नाही. माझ्या मते ते वेगळे काढूही नये, कारण लहान मुलाला हे सगळे एकत्रच लागते.

त्याआधीचा, जास्त प्रसिद्ध अभ्यास मिशिगन राज्यातील. 1962 ते 1967 या काळात गरीब घरांतील तीन-चार वर्षांच्या 123 मुलांपैकी 58 जणांना रोज सकाळी अडीच तासांची बालवाडी मिळाली, आणि आठवड्यातून एकदा शिक्षिका घरी जाऊन आईशी बोलत असे. पाचव्या वर्षी या मुलांचा बुद्ध्यंक इतरांपेक्षा बराच जास्त आला. सगळे खूश झाले. पण पुढे तिसरी-चौथीपर्यंत तो फरक जवळजवळ पुसला गेला. त्या वेळी थांबून मोजले असते तर "पैसे वाया गेले" असेच म्हणावे लागले असते. पण चाळिशीपर्यंत पाठपुरावा केल्यावर वेगळे चित्र दिसले. बालवाडीत गेलेल्यांपैकी 77 टक्क्यांनी शालेय शिक्षण पूर्ण केले होते, न गेलेल्यांपैकी 60 टक्क्यांनी. त्यांची कमाई जास्त होती, आणि पोलिसांकडून वारंवार अटक होण्याचे प्रमाण कमी होते. टिकले ते परीक्षेतले गुण नव्हेत. आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हाती घेतलेले पूर्ण करणे, राग आवरणे या सवयी टिकल्या असाव्यात, असे नोबेल विजेते अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे विश्लेषण सांगते.

म्हणूनच चार वर्षांच्या मुलाची वही दाखवून "बघा, याला अजून शंभरपर्यंत लिहिता येत नाही" अशी तक्रार कोणी केली, की मी वही बाजूला ठेवतो आणि मुलगा इतर मुलांत खेळतो का, ते विचारतो.

घरी येऊन खेळणारी ताई

आपल्या परिस्थितीला सगळ्यात जवळचा अभ्यास मला जमैकाचा वाटतो. तिथे 1986-87 मध्ये किंग्स्टन शहरात वयाच्या मानाने उंची खुंटलेली, 9 ते 24 महिन्यांची 129 बाळे निवडली. काहींच्या घरी आरोग्य सेविका आठवड्यातून एकदा तासभर जाऊन आईला बाळाशी कसे खेळायचे, कसे बोलायचे ते दाखवत असे. खेळणी घरातल्याच वस्तूंची बनवलेली. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी या मुलांची कमाई तशाच इतर मुलांपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त निघाली. नुसता पूरक आहार मिळालेल्यांत असा टिकाऊ फरक दिसला नाही. याचा अर्थ आहार नको असा नव्हे. आहारासोबत कोणीतरी बोलणारे, खेळणारे हवे, एवढाच.

म्हणजे कोणतीही बालवाडी चालेल का?

नाही. अमेरिकेतीलच टेनेसी राज्यात सरकारी पूर्वप्राथमिक वर्गांत गेलेली मुले सहावीपर्यंत, न गेलेल्या मुलांपेक्षा गुणांत मागे पडलेली आढळली. नेमके का, यावर वाद आहेत. पण नुसते दाखल केले म्हणजे फायदा झाला असे नाही, एवढे त्यातून कळते. शिवाय वर सांगितलेले मोठे फायदे गरीब घरांतील मुलांत दिसले. ज्या घरात आजी गोष्टी सांगते आणि चार माणसे दिवसभर मुलाशी बोलतात, तिथे बालवाडीने तेवढाच फरक पडेल असे मी सांगणार नाही.

बालवाडी बघायला जाल तेव्हा इमारत आणि गणवेश बघू नका. दहा मिनिटे दाराशी उभे राहा. बाई मुलांच्या उंचीला खाली बसून बोलतात का? मुले प्रश्न विचारतात का? साडेतीन वर्षांच्या मुलांना तासभर पाटी-पेन्सिल घेऊन बसवले असेल तर दुसरीकडे बघा. मातृभाषेत गप्पा होत असतील तर उत्तमच.

अंगणवाडीला कमी लेखू नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत आणि नंतर कोसबाडला, मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच वस्तीच्या अंगणात न्यावी, असे काम उभे केले. 1975 पासून देशभर सुरू झालेल्या अंगणवाड्यांत आहार, वजन-उंचीची नोंद, लसीकरण आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे पूर्वप्राथमिक शिक्षण एकाच ठिकाणी मिळते. महागडी नर्सरी परवडावी म्हणून कर्ज काढणारे पालक मी पाहिले आहेत. शेजारची अंगणवाडी नीट चालत असेल तर त्याची गरज नसते.

घरी काय करावे?

मुलाशी बोला. भाजी निवडताना, अंघोळ घालताना, बसची वाट बघताना. त्याला उत्तर द्यायला वेळ द्या. डबे, झाकणे, चमचे, जुन्या साड्यांचे तुकडे ही उत्तम खेळणी आहेत. फक्त गिळता येईल अशी छोटी वस्तू नको. दोन वर्षांच्या आत मोबाईल किंवा टीव्ही नको, त्यानंतर पाच वर्षांपर्यंत दिवसात जास्तीत जास्त एक तास, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. मोबाईलवर इंग्रजी अक्षरे घडाघडा म्हणणारा पण "पाणी दे" न म्हणणारा मुलगा हुशार आहे असे समजून घरचे निश्चिंत राहतात, आणि दाखवायला उशीर होतो.

मूल मलूल, फिकट, माती खाणारे असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. लोह कमी असलेल्या मुलाचे लक्ष लागत नाही आणि दोष शाळेला दिला जातो.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

एक वर्षाचे होऊनही हाकेला बघत नसेल किंवा टाटा, बोट दाखवणे असे हावभाव करत नसेल. दीड वर्षाला एकही अर्थपूर्ण शब्द नसेल. दोन वर्षांना दोन शब्द जोडत नसेल. किंवा कोणत्याही वयात आधी येत असलेले बोलणे बंद झाले असेल, तर "याचे बाबाही उशिराच बोलले" म्हणून थांबू नका. आधी कानांची तपासणी होते, मग पुढचे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येते, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. शंका असल्यास ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात आणि तिथले उपचार मोफत असतात. जाताना लसीकरणाचे कार्ड आणि अंगणवाडीतील वजनाची नोंद सोबत न्या.