उपरा, स्थानिक आणि सत्ताधारी पक्ष

बाहेरून आलेल्या माणसाविरुद्ध हाक देणारा नवा पक्ष उठला, म्हणजे जुन्या पक्षांनी काय करावे, हा वाद आज विलायतेतही चालू आहे. आम्हां परभणीकरांना त्याचे मूळ जवळचे आहे. निजामाच्या १९१९ च्या फर्मानाने सरकारी नोकरी मुल्की माणसासाठी राखली गेली. पंधरा वर्षे संस्थानात राहिलेला तो मुल्की. पोलीस कारवाईनंतर परप्रांतीय अंमलदार आले, तेव्हा १९५२ साली हैदराबादेत गैरमुल्कींविरुद्ध आंदोलन पेटले व गोळीबार झाला.

मुंबईत हाच प्रश्न १९६६ साली निराळ्या रूपाने उभा राहिला. १९६१ च्या शिरगणतीप्रमाणे त्या शहरात मराठी भाषिक सुमारे ४३ टक्के होते. राज्य मराठी झाले, परंतु कचेरीतली खुर्ची मराठी तरुणाला मिळेना, ही तक्रार खोटी नव्हती. 'मार्मिक' साप्ताहिकाने दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या, आणि १९ जून १९६६ रोजी बाळ ठाकरे यांनी शिवसेना स्थापन केली.

जुन्या पक्षांनी काय केले? काँग्रेसने तिला गोंजारले. १९६७ च्या लोकसभा निवडणुकीत सेना कृष्ण मेनन यांच्याविरुद्ध काँग्रेसच्या स. गो. बर्वे यांच्या पाठीशी उभी राहिली. लाल बावट्याला परस्पर शह बसतो, हे सत्ताधाऱ्यांना सोयीचे होते. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यावरून लोक तिला 'वसंतसेना' म्हणू लागले, ते उगीच नव्हे. १९६८ पासून कारखान्यांत ८० टक्के जागा स्थानिकांना, असे सरकारी धोरण झाले. स्थानिक म्हणजे राज्यात पंधरा वर्षे राहिलेला, अशी व्याख्या रूढ झाली. निजामाचीच पंधरा वर्षे ती!

प्रजासमाजवाद्यांनी १९६८ च्या महापालिका निवडणुकीत सेनेशी युती केली. सेनेला ४२ जागा मिळाल्या; प्रजासमाजवादी पक्ष १९७१ नंतर स्वतंत्र उरला नाही. कम्युनिस्टांनी विरोध केला. त्यांचे आमदार कृष्णा देसाई यांचा जून १९७० मध्ये खून झाला, आणि त्यांच्या जागेच्या पोटनिवडणुकीत सेनेचे वामनराव महाडिक निवडून आले. कामगारांची एकजूट हे आमचे उत्तर होते व ते खरेही होते. परंतु कचेरीच्या दारात अर्ज घेऊन उभ्या राहिलेल्या तरुणाला त्यात आजची भाकरी दिसत नव्हती.

यातून मराठी माणसाला काय लाभले? १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, आणि पुढे गिरण्याच मोडीत निघाल्या. मराठी माणसाची सर्वांत मोठी रोजी गेली, ती कोणा मद्रासी कारकुनाने नेली नाही. काँग्रेसला तरी काय लाभले? १९९५ साली त्याच सेनेने भाजपच्या साथीने राज्याची सत्ता घेतली. २००८ मध्ये मनसेने उत्तर भारतीयांविरुद्ध आंदोलन केले, तेव्हा सरकारने ८० टक्क्यांचा तोच आदेश पुन्हा काढला. पुढल्याच वर्षी मनसेचे १३ आमदार निवडून आले. उसनी घोषणा मूळ मालकाचेच दुकान चालवते.

याहून वेगळी वाट आमच्याच जिल्ह्यात दिसली होती. १९७४ साली कृषी विद्यापीठातील नेमणुकांत स्थानिकांना डावलले, म्हणून विद्यार्थी उठले; तेव्हा परभणी जिल्ह्यात असलेल्या वसमतला गोळीबारात दोघे मृत्युमुखी पडले. तरीही गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारख्यांनी हा रोष उपऱ्या माणसावर वळू दिला नाही. त्यांनी मागितली रुंद रेल्वे, पाणी, उद्योगधंदे. जाब विचारला तो सरकारला. त्या मागण्या रखडल्या, आणि १९९१ साली परभणीची लोकसभेची जागाही सेनेकडे गेली.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, तक्रार खरी असेल तर तिचे निवारण करावे. तिच्यासाठी शत्रू उसना आणू नये. आज परभणीची पोरे पुण्या-मुंबईला पोटासाठी जातात. काम मागायला गेलेला माणस कुठे ना कुठे उपराच असतो.