निवळ काकवी

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तख्ते, तरवारी आणि तहनामे उभे राहतात. फडताळातल्या काकवीच्या बरणीलाही इतिहास असू शकतो, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. परंतु घरी कढवलेली काकवी चार दिवसांनी गढूळ का दिसू लागते, हा प्रश्न जितका आजच्या गृहिणीचा आहे तितकाच तो दोन हजार वर्षांपूर्वी रस आटवणाराचाही होता. आणि त्या काळापासून सापडत गेलेली उत्तरे अजून जुनी झालेली नाहीत.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारातील गोड पदार्थांची एक यादी आहे. फाणित, गुड, मत्स्यंडिका, खंड आणि शर्करा, असा तिचा क्रम. फाणित म्हणजे उसाचा दाट आटवलेला रस; आपल्या काकवीचा हाच पूर्वज. पुढे सुश्रुताने या सर्व पदार्थांना एकच कसोटी लावली: पदार्थ जितका निर्मळ, तितका तो अधिक मधुर आणि अधिक शीतल. म्हणजे नुसती गोडी पुरेशी नव्हती. त्यातला मळ किती गेला, यावर त्याची प्रत ठरे. ही विद्या येथून दूरदूर गेली. फाणिताचा इराणात ‘फानीद’ झाला, खंडाचा ‘कंद’ आणि पुढे युरोपात ‘कँडी’ झाली. इसवी सन ६४७ मध्ये चीनच्या ताइ-त्सुंग बादशहाने साखर करण्याची रीत शिकण्यासाठी मगधात माणसे धाडली, असे चिनी बखरी सांगतात.

आमचा बीड जिल्हा या कथेत कोठे येतो? उत्तरेला गोदावरी, मध्ये बालाघाटाचे डोंगर आणि त्याच डोंगरांत उगम पावणारी मांजरा, असा हा मुलूख. पाऊस बेभरवशाचा, म्हणून ऊस लावायचा तो विहिरीच्या जिवावर. बीड शहराजवळची खजाना विहीर निजामशाहीच्या काळात, १५८२ च्या सुमारास बांधली गेली. तिचे पाणी मोटेवाचून पाटाने शेतांत जाते. पण असे भाग्य एखाद्याच शिवाराचे. इतरांनी मोट हाकून बिघा-दोन बिघे ऊस जगवायचा आणि थंडी पडली की गुऱ्हाळ लावायचे. इतक्या कष्टाने मिळालेल्या रसाची काकवी गढूळ झाली, तर कुणबी हळहळल्यावाचून कसा राहील?

आता हा गढूळपणा येतो कोठून ते पाहू. उसाच्या रसात साखर आणि पाणी एवढेच नसते. प्रथिने, डिंकासारखे चिकट पदार्थ, कांडीवरचे मेण, क्षार, माती आणि चिपाडाचा बारीक भुसा, अशी सारी मंडळी त्यात दाटीवाटीने असतात. रस मुळात किंचित आंबट असतो. गुळव्या त्यात बेताने चुन्याची निवळी घालतो. त्याने आंबटपणा उतरतो आणि मळ गोळा होऊ लागतो. मग रानभेंडीचे ठेचलेले देठ भिजवून काढलेला बुळबुळीत चीक काहिलीत पडतो. रस तापत जातो तसा हा चीक जाळ्यासारखा पसरतो, बारीक कण आपल्यात गुंतवतो आणि वर येतो. हीच मळी. युरोपातले साखर कारखानदार याच कामासाठी अंड्याचा पांढरा बलक आणि बैलाचे रक्त वापरीत. आमच्या गुळव्याचे काम बांधावरच्या भेंडीवर भागले.

यात सारे कसब जाळाचे आहे. रसाला उकळी फुटण्याआधीच मळीची जाड साय वर जमते. ती झाऱ्याने काढून घेईपर्यंत जाळ मंद हवा. चुलवाणात चिपाडे कोंबून घाईने उकळी आणली, तर मळी फुटते, पुन्हा रसात मिसळते, आणि मग ती कोणत्याही झाऱ्याला सापडत नाही. घरच्या काकवीतला बहुतेक गढूळपणा हा असा घाईचा असतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडी घाण्याच्या जागी लोखंडी चरक येऊ लागले. १९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातूनही नांगरांबरोबर चरक बाहेर पडले. रस वाढला, वेळ वाचला. पुढे बाजाराला पिवळाधमक गूळ हवासा वाटू लागला आणि हायड्रॉसची पूड काहिलीत पडू लागली. ही पूड रंग उडवते, मळ काढीत नाही. काही दिवसांनी रंग पुन्हा काळवंडतो. आतला मळ होता तेथेच असतो. सुश्रुताने निर्मळपणा मागितला होता. आम्ही पिवळेपणा मागितला, आणि दोन्ही एकच समजलो.

ही अडचण केवळ आपलीच नाही. कॅनडात आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात मेपल नावाच्या झाडाला हिवाळा सरताना भोक पाडून गोड पाणी काढतात. ते इतके पातळ, की सुमारे चाळीस लिटर आटवावे तेव्हा एक लिटर पाक हाती येतो. ही रीत तेथल्या आदिवासींची; गोऱ्यांनी ती त्यांच्याकडून उचलली. त्या पाकातही गढूळपणा येतो. झाडाच्या रसातला चुना तेथल्याच एका आम्लाशी मिळून वाळूसारखा खाली बसतो. तिकडच्या बायका तो पाक गरम असतानाच जाड लोकरी कापडातून गाळतात, किंवा बरणीत न हलवता ठेवून वरचा निवळ भाग ओतून घेतात. हजारो कोसांवरच्या दोन स्वयंपाकघरांनी एकच तोडगा काढावा, ही गंमतच!

घरात काकवी गढूळ दिसली तर आधी निदान करावे. तळाचा रवाळ थर जिभेवर विरघळला तर ती साखर: काकवी जास्त आटली आहे. थोडे पाणी घालून मंद आचेवर ऊन केली की रवा जिरतो. काकवी एकशे पाच-सहा अंशांवर उतरवावी. त्यापुढे आटवून एकशे अठराच्या आसपास नेली की तिचा गूळ होतो. रवा धरू नये म्हणून किलोमागे सुमारे ४०० मिलिग्रॅम लिंबूसत्त्व घालण्याची रीत आहे. थर विरघळला नाही, दाताखाली कचकचला, तर तो क्षार किंवा माती. काकवी गरम करून दुहेरी फडक्यातून गाळावी; थंड काकवी फडक्यातून उतरतच नाही. सगळीकडे सारखा धूसरपणा असेल तर ती राहिलेली मळी. बरणी आठ-दहा दिवस न हलवता ठेवावी आणि वरची निवळ काकवी अलगद ओतून घ्यावी. मात्र फेस आला, आंबूस वास सुटला, तर ती पातळ राहून आंबली आहे. तिचा मोह धरू नये.

पण एक गढूळपणा असा आहे की जो फडक्याने जात नाही. तोडून पडलेल्या शिळ्या उसात जंतू वाढतात आणि रस तारेसारखा चिकट होतो. वाढे नीट छाटले नाही, तर शेंड्याच्या कोवळ्या कांड्यांचा कमी साखरेचा, अधिक मळाचा रस काहिलीत येतो. म्हणजे काकवीचा निवळपणा गुऱ्हाळात नव्हे, फडातच सुरू होतो. बुडख्याशी घाव घालायचा, पाचट सोलायचे, वाढे उडवायचे आणि ऊस वेळेवर पोचता करायचा, हे सारे कोयत्याच्या हाती.

आणि हा कोयता बहुधा आमच्या जिल्ह्याचा असतो. दसरा-दिवाळी झाली की बीडमधून टोळ्याच्या टोळ्या मुकादमाची उचल फेडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात. नवरा-बायको मिळून हिशेबात ‘एक कोयता’ धरतात. माणसांची गणती अवजाराने होते. दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरते, तेव्हा वर्गातल्या कित्येक जागा रिकाम्या असतात. ती मुले फडावरच्या पालांत असतात, आणि पुष्कळांचे वर्ष तेथेच जाते.

रसातला मळ वर आणण्याची युक्ती आपल्या पूर्वजांना दोन हजार वर्षांपूर्वी साधली. तो कोणाच्या कष्टातून निघाला याचा हिशेब मात्र आपण अजून गाळून घेतलेला नाही. यंदा भाकरीवर काकवीची धार धराल आणि ती उजेडात सोन्यासारखी निवळ दिसेल, तेव्हा गुळव्याबरोबर त्या कोयत्याच्या जोडप्याचीही आठवण ठेवावी. आणि गावातली एखादी मुलगी आजीपाशी राहून शाळेत येऊ शकत असेल, तर तिला राहू द्या, असे तिच्या आईबापांना आजच, बैलगाडी जुंपण्याआधी, सांगावे.